कानशीची रेघ

तिने पेला उलटा धरून बुडाशी कानशीने बारीक रेघ ओढली. काच कापण्याआधी ओढतात तशीच, फक्त कमी खोल. उकळता चहा पडला की पेला हातातच तडकायचा आणि पाहुणा त्यावर काय बोलतो, ते बाबा ऐकायचे. प्रयोगशाळांची काचेची भांडी फुंकण्यात त्यांचा जन्म गेला होता. जावई पारखायची हीच रीत त्यांना सुचली.

आजवर तिघे आले. वकिलाने काचेला नावं ठेवली, दुसऱ्याने चहाला, तिसऱ्याने तिला. तिला कशाचंच काही वाटलं नाही. ती दर वेळी एवढंच बघायची, की रेघ पाहून कोणी पेला खाली ठेवतो का. ठेवला असता, तर तिने स्वतःहून होकार दिला असता.

चौथ्याचं काम चष्म्याच्या काचा घासायचं. त्याने पेला उजेडात धरला, बुडाशी अंगठा फिरवला. मग पुढे केला. आत्याने, बाबांच्या थोरल्या बहिणीने, चहा ओतला.

टक्‌ असा आवाज झाला. चहा त्याच्या बोटांवरून मांडीवर सांडला.

"माझ्याच हातून फुटला," तो म्हणाला. "माफ करा."

बाबांचा चेहरा उजळला. "ताई, ऐकलंस? दोष स्वतःवर घेतला!"

"चुलीत गेली तुझी परीक्षा," आत्या म्हणाली. "पोराचा हात भाजलाय."

तिने त्याला मागच्या मोरीत नेलं आणि त्याचा हात नळाखाली धरला. दोन बोटं लाल झाली होती.

"रेघ दिसली होती तुम्हाला?"

"दिसली की. रोजचं कामच आहे."

"मग पेला पुढे का केलात?"

"तुमचे बाबा वाट बघत होते."

तिने नळ थोडा बारीक केला.

"ओढली कुणी?" त्याने विचारलं.

"मीच."

"का?"

तिने त्याचा हात उलटा करून तळवा पाण्याखाली धरला. "बाबांनी सांगितलं म्हणून."

त्याने मान डोलावली. त्यात त्याला काहीच वावगं वाटलं नाही.

बाहेरून बाबांची हाक आली. "काय गं, पक्कं करू ना?"

"हो," तो म्हणाला.

विचारलं तिला होतं. तिने नळ बंद केला, हात पदराला पुसले, आणि तीही हो म्हणाली.