अनोळखी व्यक्ती, नाव द्या

मी राकेशभाऊंच्या घरचा सर्व्हर बोलतोय. बोलतोय म्हणजे, खाली मान घालूनच. तोंड दाखवायची लाज वाटते. बरं, मला तोंडच नाही म्हणून निभतंय!

पूर्वी मी जळगावच्या एका डाळमिलच्या ऑफिसात बिलं छापायचो. डाळीच्या भुशानं माझा पंखा घरघरायला लागला, तसं मालकानं मला अडगळीत टाकलं. राकेशभाऊंनी मला घरी आणलं, ब्रशनं पुसलं, नवी हार्ड डिस्क बसवली आणि माझ्यावर लिनक्स चढवलं.

"फुकटचं सॉफ्टवेअर? ते काय टिकणार!" नूतनवहिनींनी नाक मुरडलं.

"फुकट म्हणून नाही गं, मोकळं आहे ते. आपले फोटो आपल्याच घरात राहतील," भाऊ बायकोला म्हणाले. टीव्हीशेजारी मला जागा मिळाली, वर इन्व्हर्टरची जोडणी. काय तो थाट!

घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो आपोआप माझ्याकडे येत. चेहरे ओळखून मी ज्याचे त्याचे वेगळे लावायचो. सगळ्यात जास्त फोटो भाऊंच्या आईचे, लिलाबाईंचे. भरताची वांगी भाजतानाचे, हळदीत नाचतानाचे. रागावल्या तरी हसऱ्याच दिसायच्या बाई.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं.

नातीच्या, प्राचीच्या वाढदिवसाला पाचोऱ्याचे पाहुणे आले. भाऊंनी हौसेनं मला टीव्हीला जोडलं. आणि मी दीडशहाण्यानं भरल्या घरात लिलाबाईंचा नवा फोटो लावून विचारलं, "अनोळखी व्यक्ती. नाव द्या."

पाहुण्यांच्या माना लिलाबाईंकडे वळल्या. लिलाबाईंनी पदर तोंडावर ओढला. "हाई मशीन बी मले वळखत नही," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. भाऊंनी माझी पिन खसकन उपटली. बरंच केलं. त्या क्षणी जळून गेलो असतो तरी चाललं असतं मला.

मी बंद पडून राहिलो, पण कानावर सगळं यायचं. लिलाबाई कुणाला फोटो काढू देईनात. धुळ्याला सख्ख्या भाच्याचं लग्न, तिथंही गेल्या नाहीत. माझ्यामुळे हो, माझ्यामुळे!

परवा दुपारी त्या स्वतःच माझ्यासमोर येऊन बसल्या.

"नूतन, लाव ते. इचारू दे त्याले परत."

"जाऊ द्या ना आई."

"लाव, मी सांगस ना!"

मी घाबरतच सुरू झालो. न विचारून कसं चालेल, माझी घडणच तशी. पडद्यावर शेजारी शेजारी दोन फोटो आले, एक झटक्याआधीचा, एक नंतरचा. खाली प्रश्न, "ही एकच व्यक्ती आहे का?"

लिलाबाई बराच वेळ बघत राहिल्या. डोळे भरून आले त्यांचे. वहिनींनी माउसकडे हात नेला, तो त्यांनी बाजूला सारला. पदर डोक्यावरून मागे टाकला, लुळा हात दुसऱ्या हातानं उचलून माउसवर ठेवला.

"हा, मीच शे," त्या टीव्हीकडे बघून म्हणाल्या आणि 'हो' दाबलं.

आता माझ्याकडे लिलाबाई एकच आहेत. दोन्ही चेहरे एकाच नावाखाली. माझी मान मात्र अजून वर होत नाही.

लिलाबाई, एक मागू? तो पदर आता तोंडावर ओढू नका. लाजायचं तर मी लाजेन, तुम्ही नाही.