दम कुठे अडला

बारकी अडतीस वर्षांची झाली तरी गॅरेजात तिला बारकीच म्हणत. चार भावंडांत धाकटी, म्हणून चिकटलेलं नाव. थोरल्या तिघांनी तेल-ग्रीसला लांबूनच नमस्कार केला आणि बापाचा पाना हिच्या हातात आला. बापाला सगळे उस्ताद म्हणत. चाळीस वर्षं डिझेल इंजिनांत घालवलेला माणूस. पण वर्षभरापासून त्याचे हात थरथरत होते. आठ दिवसांपूर्वी बारकीने त्याला तोंडावर सांगून टाकलं, की बाबा, आता इंजिनाला हात लावू नका, घरी बसा.

निमित्त होतं शाळेच्या बसचं. सुट्टीत तिचा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, बदलला होता. टर्बो उस्तादाने बसवला, बारकी हाताखाली होती. सुट्टीभर बस रिकामी उभी, तेव्हा कुणाला काय कळणार? शाळा उघडली, चाळीस मुलं बसली आणि टेकडीच्या चढावर बसने मान टाकली. दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत चढायचं आणि मागे काळ्या धुराचा लोट सोडायचा. उस्ताद म्हणाला, माझं काम चोख आहे, दुसरीकडे बघ. बारकी म्हणाली, तुमचे हात आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. त्यावर त्याने हात पुसले आणि घरची वाट धरली. त्याने भांडण केलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

आज बस तिसऱ्यांदा आली, तेव्हा बारकीने बाह्या सरसावल्या. दोष सापडल्याशिवाय गाडी बाहेर जाणार नाही, असं तिने ड्रायव्हरकाकांना बजावलं. मनातलं मात्र तिने बोलून दाखवलं नाही. बाबांची चूक निघाली तर त्यांचं घरी बसणं कायमचं, आणि नाही निघाली तर त्यांची माफी मागायची. दोन्हींतलं काय जास्त कठीण, हे तिलाच ठरवता येत नव्हतं.

ड्रायव्हरकाका म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस. त्यांच्या मेहुण्याने म्हणे सायलेन्सर कापून रुंद पाइप बसवला आणि गाडी वाऱ्यासारखी पळू लागली. बारकीने त्यांना समजावलं, की इंजिनाला डिझेल पुरेसं मिळतंय, हवाच कमी पडतेय, म्हणून ते अर्धवट जळून काळा धूर येतो. हवा आत येताना अडते की धूर बाहेर जाताना, हे कळल्याशिवाय करवत हातात घ्यायची नाही.

तिने हवेचा फिल्टर काढला. स्वच्छ होता. मग काकांचं मन राखायला सायलेन्सर सोडवला आणि मागच्या सीटांवर मुलांच्या वजनाइतकी वाळूची पोती टाकून बस चढावर नेली. आवाजाने सगळी आळी खिडक्यांत आली, पण बस तेवढीच दमली. काका त्यानंतर मेहुण्याबद्दल बोलले नाहीत. सायलेन्सर परत लावून तिने नळ्यांच्या जोडांवर साबणाचं पाणी सोडलं, काकांना ॲक्सिलरेटर दाबायला लावला. कुठे बुडबुडा नाही. हवा गळत नव्हती.

दुपार टळली. डबा तसाच राहिला. बारकीने हवेचा दाब मोजणारे दोन प्रेशर गेज आणले. एक टर्बोच्या तोंडाशी जोडला, दुसरा इंजिनात हवा शिरते तिथे. बारीक नळ्या खिडकीतून आत घेतल्या आणि ती काकांच्या शेजारी दोन्ही काटे धरून बसली. चढ लागला तसा पहिला काटा झपाझप वर गेला. दुसरा निम्म्यावरच घुटमळला.

टर्बो हवा भरपूर देत होता. उस्तादाने बसवलेला टर्बो. हवा मध्येच अडत होती आणि मध्ये होता फक्त इंटरकूलर, टर्बोतली तापलेली हवा थंड करणारी जाळी.

गॅरेजात येऊन तिने इंटरकूलरची नळी सोडवली आणि आत बॅटरी मारली. जाळीवर कापड पसरून चिकटलं होतं. पक्कडीने ओढून काढलं.

उस्तादाच्या गॅरेजची शिस्तच होती, की नळी उघडली रे उघडली की तोंडात कापडाचा बोळा कोंबायचा, धूळ जाता कामा नये. ज्याने बोळा घातला त्यानेच तो काढायचा. काकांनी त्या काळ्या चिंधीकडे पाहिलं आणि ते हळहळले. म्हणाले, "उस्तादांचं वय झालं हो. व्हायचंच असं."

गप्प बसणं किती सोपं होतं. चिंधीला एक काज होतं आणि तेलाखालून पिवळा रंग दिसत होता. ती बारकीच्याच जुन्या कुर्त्याची बाही होती. त्या दिवशी तिला फोन आला होता. ती फोनवर बोलत असतानाच बापाने विचारलं, बोळा काढलास? आणि तिने न बघताच होकाराची मान हलवली होती.

"उस्तादांचा नाही," ती म्हणाली. "माझा आहे."

जाळी धुऊन, जोडणी करून तिने बस पुन्हा चढावर नेली. मागच्या सीटांवर वाळूची पोती तशीच होती. तिसऱ्या गिअरमध्ये बस वर गेली आणि आरशात धूर दिसला नाही. काका खूश झाले. बारकीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

घरी उस्ताद ओट्यावर बसला होता. बारकीने चिंधी त्याच्यासमोर ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, मान हलवल्याचंसुद्धा. मग म्हणाली, "मी तुमच्या हातांना दोष दिला, बाबा. चुकलं माझं."

त्याने थरथरत्या बोटांनी चिंधी उलगडली.

"चाळीस वर्षांत," तो म्हणाला, "कुणी हो म्हटलं म्हणून मी नळी बंद केली नव्हती. आत बोट घालून बघायचो. फक्त तुझ्या वेळी नाही बघितलं."

बारकी त्याच्या शेजारी खाली बसली आणि रडली. त्याने तिला रडू दिलं. मग विचारलं, की उद्या गॅरेज किती वाजता उघडणार.

"आठला."

"साडेसातला उघड," उस्ताद म्हणाला. "आणि माझ्या कामातही बोट घालून बघत जा."