कोपऱ्यातलं उद्धट झाड

आमच्या कोठीतली गांजाची झाडं नमस्कार करायला लागली, ही बातमी गावभर केली ती माझ्या नणंदेनं. बुप्फाताईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. सकाळी चिकट भाताची टोपली द्यायला म्हणून आल्या, कोठीत डोकावल्या, आणि टोपली माझ्या हातात कोंबून देवळाकडं पळत सुटल्या. दुपारी मी कोशिंबिरीसाठी कच्ची पपई कुटत बसले होते, तर फाटकाशी हीऽ बायकांची गर्दी, प्रत्येकीच्या हातात उदबत्त्या.

"सायफिन, दार उघड गं! परवा लॉटरी आहे!"

आमच्याकडं कुठं काही अजब दिसलं की बायका तिथं लॉटरीचा आकडा मागायला धावतात. आता मुळातून सांगते. माझा नवरा प्रचुआप. उभा जन्म ट्रक चालवला. कमरेचं पार वाटोळं झालं तेव्हा घरी आला, भाताची कोठी रिकामी केली, भिंतींना चंदेरी कागद लावला, मोठाले दिवे टांगले आणि दारावर गांजा लावायचा सरकारी परवाना चिकटवला. तालुक्याच्या हॉस्पिटलात औषधासाठी गांजाची फुलं घेतात. तिथल्या डॉक्टरीणबाई कण्णिका शुक्रवारी झाडं बघायला येणार होत्या. त्यांना पसंत पडली तर ठीक, नाहीतर दारामागं खुंटीला ह्यांची ट्रकची पिशवी भरून तयारच होती. मालकाचा फोनही येऊन गेला होता, "गाडी उभी आहे, कधी येतोस?" ती मोडकी कंबर घेऊन हा माणूस पुन्हा दिवसरात्र स्टिअरिंगवर बसणार, या विचारानं मला घास गिळवत नव्हता.

आणि कोठीत काय चाललं होतं? झाडांची वरची पानं दोन्ही कडांनी वर वळून मिटत चालली होती. अगदी हात जोडल्यासारखी. शेंडे पांढरेफटक. समोरच्या भिंतीवर, दिव्यांच्याही वर, माझ्या सासूबाईंचा फोटो. मोठं माणूस घरात सगळ्यांत उंच हवं, म्हणून ह्यांनी तो शिडी लावून तिथं टांगला होता.

"आईलाच नमस्कार करतायत गं," बुप्फाताई डोळे पुसत म्हणाल्या. "आणि शेंडे बघ, आईच्या केसांसारखे झालेत!"

माझ्या जिभेवर चांगला टोमणा आला होता, पण ह्यांच्याकडं बघितलं आणि गिळला. हे उलट्या बादलीवर बसून फोटोकडं बघत होते. सासूबाई गेल्या तेव्हा हे दक्षिणेला माल घेऊन गेले होते. पोचले तेव्हा राख उरली होती. शेवटचा नमस्कार राहिला तो राहिलाच. त्यावर हा माणूस कधी बोलला नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

मग सुरू झाला तमाशा. बायका खोडांना पावडर चोळून आकडे शोधायला लागल्या. कुंड्यांना रंगीत फडकी बांधली. सासूबाईंपुढं नैवेद्याला लाल सरबताच्या बाटल्या, त्यात नळ्या घालून. पंख्यानं मेणबत्त्या विझतात म्हणून पंखा बंद! आत गेलं की निखाऱ्यावर मासा भाजावा तसा माझा जीव भाजायचा. झाडं मात्र आणखीच वाकून नमस्कार करत होती.

फक्त एक सोडून. कोपऱ्यात, दिव्यापासून लांब, एक झाड पानं पसरून मजेत उभं होतं. हिरवंगार.

"हे बघ कसं!" बुप्फाताई कडाडल्या. "आईसमोर हात सुटे सोडून उभं आहे, मेलं उद्धट! ह्याला काही वळण लावलंय का नाही?"

"मी काय शाळेत घालू का त्याला?" मी म्हटलं.

"पुढं सरकव! आईच्या डोळ्यांसमोर ठेव, मग बघू."

ठेवलं बाई. कुंडी ओढत दिव्याखाली आणली. वाकले तर डोक्यात असा चटका बसला की आई गं! पण गर्दीत विचार करायला फुरसत कुणाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर उद्धट झाडानंही हात जोडलेले.

"आलं की नाही वळणावर!" बुप्फाताईंनी टाळी वाजवली आणि त्याची पानं मोजायला बसल्या.

माझं डोकं मात्र चालायला लागलं. काल कोपऱ्यात होतं तेव्हा ठणठणीत होतं. पाणी तेच, खत तेच, माती तीच. बदलली काय ती फक्त जागा. मी खाली वाकून बघितलं. सगळ्याच झाडांची खालची, सावलीतली पानं सपाट नि हिरवी. म्हणजे खालची पानं सासूबाईंना ओळखत नाहीत होय? मग मी शेंड्यावर हात धरला, तळवा खाली, हाताची पाठ दिव्याकडं. थोड्याच वेळात कातडी चरचरायला लागली. हात मागं घेतला आणि मला रडूच यायचं बाकी राहिलं.

"ताई, हा नमस्कार नाही," मी म्हटलं. "ही गयावया करतायत. भाजतायत बिचारी. माणूस 'मारू नका' म्हणतानाही हात जोडतोच की!"

"उद्या लॉटरी आहे. तोवर दिव्याला हात लावशील तर याद राख," ताई म्हणाल्या.

"तुमच्या लॉटरीला लागो आग!" मी ओरडले. "आणि आधी ह्या मेणबत्त्या विझवा! आपापल्या घरी चुली थंड पडल्यात, त्या बघा जा!" सगळ्यांना बाहेर काढलं, पंखा लावला आणि दार आतून लावून घेतलं. आता आत मी आणि बादलीवर बसलेले हे, दोघंच होतो. सासूबाई धरून तिघं.

आता ह्यांना सांगायचं कसं? मी चाचरत सुरुवात केली, "अहो, ती पानं..."

"माहीत आहे मला," हे खाली बघत म्हणाले. "जन्म ट्रकवर गेला, सायफिन. इंजिन तापलं की मला वासावरून कळतं. झाडं तापलेली कळणार नाहीत? दिवा मीच फार खाली टांगला. जास्त उजेड, जास्त फुलं, असं वाटलं."

"मग वर का नाही घेतला? शुक्रवारी बाई येणारेत! तुम्हाला पुन्हा त्या गाडीवर जायचंय का?"

ह्यांनी पायाशी पडलेली उदबत्ती उचलून कुंडीत खोचली. मग म्हणाले, "वाटलं, माझ्या वतीनं कुणीतरी तिला नमस्कार करतंय. राहू दे दोन दिवस."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"अहो, थोरांनी नमस्कार घेतला की हात खाली घ्यायचे असतात. लहानपणी तुम्हाला त्यांनीच शिकवलं ना? त्यांनी घेतलाय. कधीच घेतलाय. किती वेळ उभं ठेवणार ह्या लेकरांना? दिवा वर घ्या."

ह्यांनी फोटोकडं बघितलं. हात जोडले, कपाळाला लावले, खाली घेतले. मग शिडी आणली. मी शिडी धरली, कंबर धरत हे चढले आणि साखळी आखूड करत दिवे वर नेले.

लॉटरीत अर्थातच कुणालाही काही लागलं नाही. बुप्फाताई अजून म्हणतात, मी दार लावलं म्हणून.

शुक्रवारपर्यंत पानं उलगडून सपाट झाली. कण्णिकाबाईंनी भिंग लावून एकेक झाड बघितलं. "हे पांढरे शेंडे आता हिरवे व्हायचे नाहीत, छाटून टाका. बाकी माल उत्तम आहे, आम्ही घेऊ." मग एका कुंडीला अजून बांधलेलं फडकं बघून म्हणाल्या, "हे काय?"

"ते उद्धट होतं," बुप्फाताईंनी सांगितलं.

संध्याकाळी ट्रकमालकाचा फोन आला. मी भात वाढता वाढता कान टवकारले.

"गाडी दुसऱ्या कुणाला द्या," हे म्हणाले. "आईनं मला घरीच राहायला सांगितलंय."

सांगितलं होतं मी! पण जाऊ दे. जिवंत असतानाही घरातलं सगळं श्रेय सासूबाईच घेऊन जायच्या. मी उठून खुंटीवरची पिशवी काढली, त्यातले कपडे कपाटात लावले आणि ह्यांना मासा वाढला.