इंजिन नंबर जुळत नाही

“पळ बाई, हवी तितकी पळ. फक्त मीठ खाऊ नकोस.”

माझ्याशी बोललेलं हे जगातलं पहिलं वाक्य. बोलणारा माणूस कारखान्याच्या शेवटच्या टोकाला उभा राहून माझ्या दारांच्या फटी बोटांनी चाचपत होता. त्याचं नाव मला कधी कळलं नाही. बोलण्याचा अर्थ मात्र पहिल्याच हिवाळ्यात कळला, बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ माझ्या पोटाला चावू लागलं तेव्हा.

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. दोन दारं, आठ सिलिंडर, लांब नाक, आखूड शेपूट, रंग ओल्या शेवाळासारखा हिरवा. एकोणीसशे एकोणसत्तर साली मी मिशिगनमध्ये घडले आणि तेव्हापासून मिनेसोटात नांदते आहे. आमच्या जातीला लोक मसल कार म्हणतात, म्हणजे दंडात बेटकुळ्या असलेली गाडी. मला ते नाव आवडत नाही. बेटकुळ्या नुसत्या दाखवायलाही असतात. मी पळत होते.

आधीच सांगून ठेवते, मी रागावलेली आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी गोड बोलावं, झालं गेलं विसरावं, लहानांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात अशी रीत आहे. माझ्याच्यानं ती पाळवत नाही. एकोणपन्नास वर्षं एक खरी गोष्ट माझ्या पोटात आहे, आणि देवानं मला वाचा दिली ती फक्त हॉर्नची.

माझा धनी ऑर्विल टोलेफसन. धान्याच्या कोठारावर कामाला होता. दोन उन्हाळे पोटाला चिमटा घेऊन त्यानं मला घेतलं, आणि चावी हातात आल्यावर दुकानदाराला नीट ‘येतो’ म्हणायलाही तो विसरला. दोन वर्षांनी लग्न होऊन घरात आर्डिस आली. आर्डिस चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. त्या वाद्याला पायांखालीही पट्ट्या असतात. बोटं एक गाणं म्हणत असतात आणि पाय दुसरंच. अशी बाई माझ्या तीन पेडलांशी बसली, मग काय विचारता! कापणी झालेल्या शेतात ऑर्विलनं तिला आठवडाभर शिकवलं. आठव्या दिवशी ती मला अशी चालवू लागली की गिअर कधी बदलला ते माझं मलाच कळू नये. ऑर्विल गिअर ओढायचा. ती तो घ्यायची, जसं कुणाच्या हातून झोपलेलं मूल घ्यावं.

आता शर्यतीचं सांगते. चौऱ्याहत्तरचा जुलै होता. जुन्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती व्हायच्या, आणि ऑर्विलनं त्यात नाव घातलं होतं. आदल्या संध्याकाळी त्यानं माझं जुनं तेल काढलं. माझ्या इंजिनाला तेलाचे पाच डबे लागतात. त्यानं तीन ओतले, तेवढ्यात जेवायची हाक आली. उरलेले दोन सकाळी ओतू म्हणून त्यानं ते माझ्या डिकीत ठेवले आणि तो आत गेला.

सकाळी गोठ्याच्या दारात त्याचा उजवा अंगठा चेंगरला. हात सुजून भोपळा झाला. त्या हातानं गिअर टाकणं शक्य नव्हतं. आर्डिस म्हणाली, मी जाते. ऑर्विल घाबरला. पाद्र्यानं नुकतंच वेदीवरून शर्यतींच्या विरोधात प्रवचन दिलं होतं. त्याच चर्चची ऑर्गनवाली शर्यतीत दिसली तर गावानं वर्षभर चघळलं असतं. मग आर्डिसनं ऑर्विलचं जाकीट चढवलं, हेल्मेट घातलं आणि काच खाली ओढली. ऑर्विल सोबत आणलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये टोपी नाकावर ओढून बसला. डिकी कुणी उघडली नाही.

मित्रांनो, त्या पाव मैलासारखं सुख मला पुन्हा मिळालं नाही. शेजारी निळी गाडी होती, चांगल्या घरची, गुर्मीत असलेली. आर्डिसनं पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे चारही गिअर घेतले, त्यात कसूर म्हणून नव्हती. आम्ही अर्ध्या गाडीनं जिंकलो. पण जोरात सुटलेल्या गाडीत तेल मागे सरकतं, आणि तीनच डबे असले की पुढे काहीच उरत नाही. तेलाचा काटा खाली पडला. माझ्या छातीत हातोडे बसू लागले. रेघ ओलांडली आणि पिस्टनचा दांडा इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला.

भोंग्यावरून ऑर्विलचं नाव पुकारलं गेलं. आर्डिस हेल्मेटमध्ये रडत होती. ऑर्विल धावत आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मोडली मी. चौथ्याला काहीतरी चुकलं माझं.”

आणि तो म्हणाला, “असू दे. मीच मोडली म्हणून सांगू.”

त्या क्षणी मला त्याचा अभिमान वाटला. मला वाटलं, किती मोठ्या मनाचा आहे माझा धनी! तो अभिमान संध्याकाळपर्यंतच टिकला. संध्याकाळी त्यानं माझी डिकी उघडली. दोन डबे होते तिथेच होते, भरलेले, झाकणसुद्धा न फोडलेले. तो बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं ते पोत्यात गुंडाळले आणि शेडमध्ये पिंपामागे नेऊन ठेवले.

तेव्हापासून माझा राग सुरू आहे.

अपघातात सापडलेल्या, माझ्याच सालच्या एका गाडीचं इंजिन काढून त्यांनी मला बसवलं. नवं काळीज चांगलं निघालं, त्याच्याबद्दल तक्रार नाही. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना लोक ऑर्विलला चिडवायचे, “काय रे, गिअर कुठे टाकलास, शेतात?” तो हसून मान डोलवायचा. आर्डिस टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं त्याच्याकडे बघायची. त्या नजरेत इतकी कृतज्ञता असायची की मी तिथे असते तर हॉर्न वाजवून तळघर डोक्यावर घेतलं असतं. हे सगळं मला परतीच्या वाटेवर कळायचं. ती म्हणायची, तू किती सोसतोस माझ्यापायी. आणि तो नुसता समोरच्या रस्त्याकडे बघायचा. सुरुवातीला लाजेनं गप्प राहिला असेल. पुढे ती कृतज्ञता त्याला गोड लागू लागली, असं माझं स्पष्ट मत आहे.

आर्डिसनं माझ्या स्टिअरिंगला पुन्हा हात लावला नाही. ऑर्विल म्हणायचा, “चालव की.” ती म्हणायची, “नको, एकदा पुरे झालं.” घरातही ती दबून राहू लागली. कुठलाही वाद झाला की आधी तीच माघार घ्यायची, जणू काही देणं फिटायचं राहिलंय.

मग मुलं झाली, मोठी गाडी आली, आणि मी शेडमध्ये गेले. ताडपत्री, उंदीर, सीटच्या कापसात त्यांची बाळंतपणं. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत वर्षातून एकदा मला धुऊन फिरवायचे आणि पोरं म्हणायची, वा! अंधारात मी मनाशी म्हणायचे:

लोखंडाची माझी काया, पेट्रोलाचं माझं पाणी
धावले तोवर राणी, थांबले की अडगळ गं

गेल्या वसंतात ऑर्विलचा गुडघा गेला. माझा क्लच जड, त्याला तो दाबवेना. मग एके दिवशी माझ्या काचेवर ‘विकणे आहे’ असा पुठ्ठा लागला.

आणि काय सांगू तुम्हाला, गिऱ्हाइकं आली ती मुलगी पाहायला आल्यासारखी! एक जण फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन आला. ते माझ्या अंगावरून फिरवायचं, जिथे चिकटणार नाही तिथे पत्रा सडलाय आणि वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय असं समजायचं. त्यानं माझ्या कमरेशी तीनदा चुंबक लावलं आणि तीनदा नाक मुरडलं. मीठ मी हौसेनं खाल्लं होतं का? दुसऱ्यानं टॉर्च आणि आरसा आणला, इंजिनावर ठोकलेला नंबर वाचला, माझ्या कागदावरच्या नंबराशी ताडून पाहिला आणि म्हणाला, जुळत नाही. पत्रिका जुळत नाही म्हणावं, तसं. गेला निघून. हे इंजिन जवळजवळ पन्नास वर्षं माझ्या पोटात आहे, त्यानं मला बर्फातून ओढलं, लग्नांना नेलं, पण नंबर जुळत नाही म्हणून मी नकली! मला चालवून बघू का, असं एकानंही विचारलं नाही.

त्यात ऑर्विलची तऱ्हा. तो विकायला उभा राहायचा आणि माझे दोषच सांगायचा. इथे गंज आहे, तिथे गळतं, वायपर कधी चालतो कधी नाही. ही इथल्या लोकांची खोडच आहे. आपल्या वस्तूला चांगलं म्हणणं म्हणजे बढाई, आणि बढाई म्हणजे जवळजवळ पाप.

मग ॲरिझोनाहून एक व्यापारी आला. रँडल पीक त्याचं नाव. पांढरे बूट, गोड जीभ. त्यानं दुप्पट भाव सांगितला. इंजिनावरचा नंबर घासून काढायचा, जुन्या ठशांनी मूळ नंबर ठोकायचा, वर थोडा गंज चढवायचा. कुणाच्या बापाला कळत नाही, म्हणाला. आणि पुढे मी काचेच्या खोलीत उभी राहीन, इंजिन कधी सुरू करायचं नाही, कारण मैल वाढले की किंमत उतरते.

ऑर्विल लाल झाला. “खोटा नंबर ठोकून मी काही विकत नाही,” तो म्हणाला. “या घरात तसलं चालत नाही.”

आर्डिस पायरीवर उभी होती. तिनं नवऱ्याकडे किती आदरानं पाहिलं! आणि माझ्या तोंडात बॅटरीचं आम्ल आलं. लोखंडावरचा खोटा आकडा चालत नाही होय? आणि बायकोच्या माथी ठोकलेला चालतो?

परवा शनिवारी मेरीबेथ कुबाट आली. पन्नाशीची, रुंद खांद्यांची. हिवाळाभर सरकारी गाडीनं रस्त्यावरचं बर्फ ढकलते. चुंबक नाही, आरसा नाही. माझ्याभोवती एक फेरी मारली आणि पहिलाच प्रश्न केला, चालवून बघू का? मित्रांनो, माझ्या जुन्या तारांतून झिणझिण्या गेल्या.

ऑर्विलनं आपली यादी सुरू केली. ती हसली. म्हणाली, “काका, तुम्ही गाडी विकताय की तिच्यावर फिर्याद करताय?” मला रोज कामावर न्यायचं, मीठ पडायच्या आत शेडमध्ये ठेवायचं आणि वसंतात पुन्हा काढायचं, असा तिचा बेत होता. फक्त आधी सवय असलेल्या कुणीतरी एक चक्कर मारून दाखवावी, क्लच कुठे धरतो ते बघायचंय, म्हणाली.

ऑर्विलनं गुडघा दाखवला आणि आर्डिसकडे बघितलं. आर्डिसच्या हातात लिंबाच्या वड्यांची बशी होती.

“माझ्या हाती नको,” ती म्हणाली. “मी एकदा मोडलीय ही.”

एकोणपन्नास वर्षांत परक्या माणसासमोर तिनं हे पहिल्यांदा सांगितलं. मेरीबेथनं बशी घेतली, वडी उचलली आणि कसं मोडलं ते विचारलं. आर्डिसनं सगळं सांगितलं, जाकीट, हेल्मेट, चौथा गिअर. ऑर्विल पायरीवर बसून टोपीची कड चाचपत राहिला.

“गिअर टाकताना खरखर झाली?” मेरीबेथनं विचारलं.

“नाही. लोण्यासारखा गेला.”

“मग तेलाचा काटा?”

“काटा पडला होता,” आर्डिस हळूच म्हणाली. “आधी काटा पडला, मग आवाज. मी कुणाला बोलले नाही. आधीच इतकी लाज वाटत होती.”

मेरीबेथनं वडी खाली ठेवली. तिनं आयुष्यभर इंजिनं ऐकली आहेत. तिनं नजर ऑर्विलकडे वळवली, आणि मीही, माझ्या दोन्ही दिव्यांनी.

मित्रांनो, तो बोलण्याआधी मला तुमच्याकडे एक मागणं मागायचं आहे. आम्हा वस्तूंना जपा म्हणून सगळेच सांगतात. जपाच. वेळेवर तेल घाला, पुरतं घाला, पावसाचं पाणी पुसा. पण आम्ही कुणा दुसऱ्याच्या चुकीनं मोडलो असं सांगण्याआधी आपली डिकी उघडून बघा. आणि तुमच्या चुकीचं ओझं कुणी माणूस मुकाट्यानं वाहत असेल, तर त्याला तुमचे आभार मानायला लावू नका. पत्र्याला लागलेला गंज लांबी भरून लपतो. तो मात्र आतून खातच राहतो.

ऑर्विल गुडघ्यावर हात टेकून उठला आणि माझ्या बॉनेटला धरून उभा राहिला. त्यानं मेरीबेथकडे पाहिलं नाही.

“आर्डिस,” तो म्हणाला, “गिअर तू चुकवला नव्हतास. तेलाचे दोन डबे मी घातलेच नव्हते, आणि ते मला त्याच संध्याकाळी कळलं होतं.”