चार हजार आठशे एक्याण्णव अंगठे

मी एक जुनी संख्या आहे, मित्रांनो. चार हजार आठशे एक्याण्णव. किती जुनी म्हणाल, तर डोंगर नव्हते तेव्हाही मी होते. मला कुणी घडवलं नाही, आणि झिजणं-गंजणं माझ्या नशिबी नाही. पण खरं सांगते, माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. हजार-लाखांचा थाट वेगळा. मी विषम. चाराने भागलं तर तीन उरतात, म्हणून दोन वर्गांची बेरीज करून मी कधीच मिळत नाही.

मग एका फरश्यांच्या कारखान्यात माझी वेळ आली. तिथे एक रीत होती. नव्या कामगाराने आपल्या पहिल्या फरशीच्या ओल्या मातीत अंगठा उमटवायचा. ती फरशी भाजून जपून ठेवत, विकत नसत. कारखाना बंद झाला तेव्हा त्या मोजल्या आणि मी निघाले. अंगणात त्यांचा एकच अखंड आयत बसवायचा ठरला. फरशी तोडायची नाही, कोरी घालायची नाही.

इंजिनिअरने मला दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा यांनी भागून पाहिलं आणि हात टेकले.

"मावशी," फरशी बसवणाऱ्या बाईंना तो म्हणाला, "ही मूळ संख्या आहे. कशानेच भाग जात नाही. एक काढली की काम सोपं होईल." आणि त्याने एक वाकडी फरशी उचलून खिडकीत ठेवली. तेराच्या पुढे जायचा त्याला कंटाळा आला होता. मला तोंड असतं तर "अजून भागून बघ" असं तिथेच सांगितलं असतं.

मावशींचा चेहरा उतरला. "साहेब, ती माझ्या भावाची आहे. एकच दिवस कामावर आला होता तो. दुसऱ्या दिवशी वाटेतच अपघातात गेला."

इंजिनिअर ओशाळला. "मला माहीत नव्हतं. पण मग कुणाची काढू?"

"कुणाचीच नको. आधी मांडून तर बघू द्या."

तीन दिवस मावशी चौरसाच्या अंदाजाने सत्तर-सत्तरच्या ओळी मांडत होत्या. एकोणसत्तर ओळी भरल्या. सत्तराव्या ओळीत शेवटची, भावाची फरशी ठेवली, तरी नऊ कमीच पडल्या. सरळ नऊचं खिंडार त्यांच्या डोळ्यांना खुपलं. तिच्या लगतच्या वरच्या दोन ओळींच्या टोकांवरून तीन-तीन उचलून त्यांनी खालची ओळ वाढवली. आता कोपऱ्यात तीन बाय तीनचा नीट खड्डा उरला. खालच्या तिन्ही ओळी सदुसष्टच्या झाल्या. मावशींनी वरच्या पूर्ण ओळी मोजल्या. त्याही सदुसष्टच होत्या.

त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग खालच्या तिन्ही ओळी उचलून बाजूला उभ्या लावल्या. खड्डा गेला. सदुसष्ट ओळी, प्रत्येकीत त्र्याहत्तर फरश्या, आणि हातात एकही शिल्लक नाही.

मित्रांनो, मी अनादि काळापासून आहे, पण माझ्या पोटात काय दडलंय ते त्या दिवशी मीच पहिल्यांदा डोळे भरून पाहिलं. सत्तरच्या वर्गातून तीनचा वर्ग वजा केला की मी. एवढी सोपी होते मी, आणि एवढी सुंदर! इंजिनिअरने चपला बाहेर काढल्या आणि तो हळूच त्या अंगठ्यांच्या कडेला येऊन बसला.

भाग जात नाही म्हणून कुणाला बाजूला काढण्याची घाई करू नका. आधी मांडणी बदलून पाहा. मावशी अजून कधीमधी येतात आणि त्या वाकड्या फरशीवर आपला अंगठा ठेवतात. भावाचा अंगठा त्यांच्या अंगठ्यापेक्षा लहान आहे.