अंधारात भरलेला थर्मास

मी बोलतोय तो माबेल्यातल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून, खिडकीच्या कट्ट्यावरून. निळ्या पत्र्याचा, आत काचेचं भांडं असलेला साधा थर्मास आहे मी. सध्या माझ्या पोटात काहीच नाही. बूच आणि झाकण शेजारी पालथं पडलंय, आणि खिडकीतून येणारी सकाळची हवा सरळ आत उतरतेय. इतका निवांत मी पूर्वी कधी बसलो नव्हतो.

जिथे मी तयार झालो त्या कारखान्यात काचेच्या दोन भिंती एकात एक बसवल्या आणि मधली हवा काढून घेतली. आतलं गरम आत राहतं ते त्या मोकळ्या जागेमुळे. पुढे मी रुवीच्या बाजारातल्या एका दुकानात आलो. तिथे भांडी मांडलेल्या फळीवरून शुभदाने मला उचललं, कानाशी धरून हलवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "हा घेऊ या. रोज बाहेर चहा प्यायचा म्हणजे पोटाची वाट."

तिचा नवरा चंद्रहास संगमेश्वरकडचा, रुसैलच्या एका कारखान्यात देखभाल विभागात होता. भाडं परवडतं म्हणून घर माबेल्यात, मस्कतच्या अगदी टोकाला. शुभदा रुवीतल्या एका दातांच्या दवाखान्यात काम करायची. म्हणून मुलीची शाळाही रुवीकडचीच, डोंगराला टेकलेली जुनी भारतीय शाळा. आई सोबत असेल, सोयीचं पडेल, असा साधा हिशोब होता. मुलीचं नाव ऋचा.

ज्यांनी तो रस्ता रोज केला आहे त्यांना ठाऊक असेल, माबेल्याहून थोडं उशिरा निघालं की गाड्यांच्या रांगेत अडकायला होतं. मग लोक लवकर निघतात. सगळेच लवकर निघतात, म्हणून आणखी लवकर निघावं लागतं. शुभदा अंधारात उठून मला गरम पाण्याने विसळायची, चहा भरायची आणि गाडीत दोन सीटांच्या मध्ये मला घट्ट बसवायची. शाळेचं फाटक उघडायच्या बरंच आधी आम्ही तिथे पोचलेलो असू.

फाटकासमोरच्या मोकळ्या जागेत गाड्या ओळीने उभ्या असायच्या. कुठे मागच्या सीटवर मुलं तोंड उघडं टाकून झोपलेली. कुठे एखादी आई गाडीच्या आरशात बघत मुलीच्या वेण्या घालतेय. कुणी वडील सीट मागे पाडून डुलकी काढतायत. माबेला, सीब, अल खूद, सगळीकडची कुटुंबं आपापली सकाळ गाडीत बसूनच करत. शुभदा मला बॉनेटवर ठेवायची आणि कागदी पेल्यांत चहा ओतायची. सीबहून येणारी खैरुन्निसा, मूळची रत्नागिरीची, आपल्या मुलीला, वजीराला, उठवून नानकटाईचा डबा घेऊन यायची.

"वहिनी, तुझा हा थर्मास नसता तर मी नवऱ्याला कधीच सोडून गेले असते," ती म्हणायची. तिचा नवरा स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपलेला असे.

ऋचा आणि वजीरा एकाच वर्गात. दोघी आपसात इंग्रजीत बोलायच्या, आयांशी अडखळत मराठीत.

मग शुभदा आजारी पडली. उपचारांसाठी तिला पुण्याला नेलं. मी इथेच राहिलो. निघायच्या घाईत माझ्यात थोडा चहा तसाच राहिला होता आणि चंद्रहासने झाकण घट्ट लावून मला कपाटात ठेवलं होतं. किती महिने गेले, कपाटाच्या अंधारात कळायला मार्ग नव्हता. ते परत आले तेव्हा पावलांचे आवाज दोघांचेच होते.

ऋचाने झाकण उघडलं आणि तोंड बाजूला केलं. चंद्रहास म्हणाला, "टाकून दे. वास जायचा नाही त्याचा."

"आई तांदूळ घालायची," ऋचा म्हणाली. तिने मूठभर तांदूळ आणि व्हिनेगर माझ्यात घातलं आणि मला हलवत राहिली. पाणी बदलून पुन्हा, परत पुन्हा. मग मला उघडंच खिडकीत ठेवलं. शुभदा रोज तसंच ठेवायची. रिकाम्या थर्मासला झाकण लावायचं नाही, हे या घरात आता फक्त त्या मुलीला माहीत होतं.

शाळा सुरू झाली. शुभदाचा दवाखाना उरला नव्हता, पण शाळा तिथेच होती. चंद्रहास मुलीला रुवीपर्यंत सोडायचा आणि तोच रस्ता उलटा कापून रुसैलला कामावर जायचा. रात्री त्याला झोप लागत नसे. तो स्वयंपाकघरात यायचा, पाणी प्यायचा, उगाच मला सरकवून नीट ठेवायचा. सकाळी चहा करायचा तो अतिगोड.

"काय हो भाऊ, हा चहा की बासुंदी?" खैरुन्निसा एकदा म्हणाली.

"साखरेचा अंदाज वहिनीकडे होता तुमच्या," तो म्हणाला. तिने तो चहा पुरा प्यायला आणि आणखी मागितला.

एका सकाळी अल खुवैरच्या आसपास गाडी हळूच शेजारच्या रांगेत सरकू लागली. मागून टँकरने जोरात भोंगा वाजवला. गाडीला हिसका बसला, मी जागेवरून निसटून ऋचाच्या पायांशी घरंगळलो. माझी काच वाचली ती तिच्या दप्तरामुळे. चंद्रहासने डोळे चोळले. "लेन बदलत होतो," तो म्हणाला. ऋचाने मला उचलून मांडीवर घेतलं. तिची बोटं गार होती. ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मात्र ती बोलायला लागली.

तोवर माबेला सोडलं की ती खिडकीला डोकं टेकून झोपायची. आता घराच्या फाटकापासून शाळेच्या फाटकापर्यंत तिचं तोंड बंद नसे. "बाबा, आमच्या मॅथ्सच्या मॅमने ना, एक जोक केला. पण तो मराठीत नाही होत." "बाबा, तुम्ही स्कूलला कसे जायचे? चालत? डेली?" विषय संपले की ती रस्त्यावरच्या पाट्या वाचून दाखवायची. तेही संपलं की एकच गोष्ट पुन्हा विचारायची. चंद्रहासही खुलायला लागला. नदीवरचा साकव, गावातले भिकाजी मास्तर, त्यांची सायकल, असं काय काय सांगायचा. मी दोघांच्या मध्ये बसलेला असे. तिची नजर बाहेर नसे, त्याच्या पापण्यांवर असे. हे मला दिसत होतं. त्याला कसं दिसणार? तो रस्ता बघत होता.

"आमची ऋचा गाडीत गप्प म्हणून बसत नाही," तो खैरुन्निसाला सांगायचा. "घरी आली की खोलीत जाते. पण सकाळची ही वेळ तिला फार आवडते. एवढं एकच बरं चाललंय."

मला तोंड आहे, पण ते ओतण्यापुरतं. मी काय सांगणार.

अशात ती बातमी आली. माबेल्यात नवी भारतीय शाळा निघणार होती आणि येत्या एप्रिलपासून मुलांची वाटणी राहत्या घराप्रमाणे होणार होती. विमानतळाजवळच्या सहवा टॉवरच्या अलीकडे राहणाऱ्यांनी नव्या शाळेत जायचं, पलीकडच्यांनी जुन्या. दहावी-बारावीच्या मुलांना सूट. ऋचा नववीत जाणार होती, म्हणजे तिला सूट नव्हती.

फाटकासमोरच्या त्या जागेत दुसरा विषयच उरला नाही. एका घरातली मोठी बहीण दहावीला म्हणून जुन्या शाळेत राहणार होती, भाऊ नव्या. त्यांच्या वडिलांना सकाळी दोन दिशांना जाणं कसं जमवावं ते कळेना. कुणी म्हणे, नव्या शाळेत प्रयोगशाळेची खोकीसुद्धा अजून फोडलेली नाहीत. कुणी म्हणे, मैदानात नुसती वाळू आहे, सावलीला झाड नाही. खैरुन्निसा चिडलेली होती. "नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली. मधे आमची पोरं आहेत ते कुणाला दिसलं नाही."

चंद्रहास सभेला गेला. कधी कुणापुढे न बोलणारा माणूस तिथे उभा राहून बोलला म्हणे. पण रेघ हलली नाही. राहतं घर बदललं तरच शाळा तीच राहील, एवढं उत्तर मिळालं.

मग त्याने घर बदलायचं ठरवलं.

वादी अदाईत त्याचा जुना मित्र जयप्रकाश राहायचा. त्याच्या वरचा फ्लॅट रिकामा होत होता. एका शुक्रवारी आम्ही तिघं तो बघायला गेलो: चंद्रहास, ऋचा आणि मी. दोन खोल्या, खिडकीला लागून डोंगराचा तपकिरी कडा. सामान नव्हतं, म्हणून मला ओट्यावर ठेवलं.

"चंदू, बघ, शाळा इथून हाकेच्या अंतरावर," जयप्रकाश म्हणाला. "पोरगी आरामात उठेल. घरमालक अर्बाब सज्जन आहे, आज हो म्हटलंस की खलास, चावी तुझी."

"भाडं जास्त आहे. पण जमवू."

"आणि तुझं रुसैल?"

"जाईन की. इतकी वर्षं जातोच आहे. आता निघायचं एकट्याने, एवढाच फरक. हिला एवढ्या पहाटे कशाला उठवायचं?"

ऋचा खिडकीशी होती. ती वळली. "एकटे?"

"हो गं. तू झोप मस्त."

"मग सकाळी तुमच्याशी कोण बोलणार?"

चंद्रहास हसला. "रेडिओ लावीन."

"रेडिओ नाही चालत, बाबा. रेडिओ तुमच्याकडे बघत नाही." तिचा आवाज चढला नव्हता, पण मराठी शब्द शोधताना तिची दमछाक होत होती. "त्या दिवशी तुम्ही लेन चेंज करत नव्हता. तुम्ही झोपला होता. मी बघितलं. म्हणून मी बोलते. रोज. मला नाही आवडत सकाळी बोलायला. मला खूप झोप येते. थर्ड पीरियडला मी बेंचवर झोपते, वजीरा मला पेन टोचून उठवते."

जयप्रकाश पायांकडे बघत म्हणाला, "मी जरा खाली जाऊन येतो," आणि गेला.

चंद्रहास ओट्याला टेकला. त्याचा हात माझ्यावर आला आणि तिथेच राहिला. तो म्हणाला, "मला वाटायचं, तुला ती शाळा सोडवत नाही. आई तिथे उभी असायची म्हणून."

"आई पार्किंगमध्ये उभी असायची कारण आपण लवकर यायचो," ऋचा म्हणाली. "ती म्हणायची, घराजवळ शाळा असती तर मी तुला टेबलावर बसवून गरम पोहे दिले असते."

त्याने माझं झाकण उघडलं, त्यात चहा ओतला आणि तिच्यापुढे धरला. तिने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"खूप गोड आहे?"

"खूप."

"एवढे दिवस बोलली नाहीस."

"दुसरं किती काय बोलायचं होतं," ती म्हणाली, आणि दोघंही हसले. त्या रिकाम्या खोलीत तो आवाज घुमला. पुण्याहून परतल्यापासून मी तो पहिल्यांदाच ऐकला. परतीच्या वाटेवर ती झोपली. दुपार होती, रस्ता मोकळा होता आणि चंद्रहास टक्क जागा होता.

एप्रिलमध्ये ती नव्या शाळेत जाऊ लागली, वजीराही. मैदानात वाळू आहे, ते खरं होतं. खोकी दिवाळीपर्यंत फुटली. जुन्या शाळेतल्या गणिताच्या बाई आठवल्या की ऋचा अजून गप्प होते. जुन्या फाटकासमोर आता निम्म्याच गाड्या असतात, असं खैरुन्निसा सांगते. शाळेचा दाखला आणायला गेली तेव्हा तिला ती जागा ओळखूच येईना. सीबच्या तिच्या घरी आता नवरा बिछान्यात झोपतो. "भाऊ, चोवीस तास घोरतो हो. गाडीत होता तेच बरं होतं," ती म्हणते, पण तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली आहेत.

या घरात आता अंधारात दिवा लागत नाही, उजाडल्यावर पडदा उघडतो. चंद्रहास पोहे करतो. पहिले काही दिवस ते गोळा व्हायचे, आता सुटे होतात. साखरेचा डबा ऋचाच्या ताब्यात आहे. दोघं टेबलाशी बसून खातात आणि बोललेच तर एखाददुसरं वाक्य. शाळेपर्यंतच्या छोट्याशा वाटेत कुणीच बोलत नाही म्हणे. तिथून तो रुसैलला जातो, तेही जवळच. रात्री स्वयंपाकघरात कुणी येत नाही. मला सरकवून नीट ठेवायला कुणी उठत नाही. मला ते फार बरं वाटतं.

मला रोजचं काम उरलेलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी सीबच्या समुद्रावर जातात, तेव्हा मला भरतात. खैरुन्निसा नानकटाई आणते. चहा उजेडात भरलेला असतो आणि तो कुणाला जागं ठेवण्यासाठी नसतो.

परत आल्यावर ऋचा मला विसळते आणि या कट्ट्यावर ठेवते. मागच्या आठवड्यात ती अभ्यासात होती, म्हणून चंद्रहासने विसळलं. सवयीने त्याचा हात झाकणाकडे गेला, थांबला, आणि त्याने झाकण पालथं घालून शेजारी ठेवलं.

तुमच्याही घरी असा एखादा जुना थर्मास असेल. कुणी गेल्यावर घाईत बंद करून कपाटात ठेवलेला. त्याला बाहेर काढा. वास येईल, पण टाकू नका; मूठभर तांदूळ पुरतात. मग त्याला खिडकीत ठेवा, आणि झाकण मात्र लावू नका.