पाल्याच्या चहातली चिमूट

सुभेदार जोतीरामांचा चहा सुटल्याची बातमी गावात पसरवली ती खुद्द सुभेदारांनीच. घरासमोरच्या कट्ट्यावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "एका शब्दात सोडला. आता निस्ता गवती चहाचा पाला, आलं आन तुळस. पावडरीचा कण न्हाई."

"म्हंजी आमच्या म्हशीचं आन तुमचं एकच खाणं," शेजारचा आकाराम म्हणायचा.

"हस गड्या. पण चव अगदी चहावाणी हाय. बनूचा हात हाय त्यो."

आत भाकरी थापणाऱ्या बनुबाईचा हात तेवढ्यापुरता थांबायचा.

सुभेदारांच्या छातीत धडधड व्हायची, डोळ्याला डोळा लागायचा नाही. सांगलीच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दिवसाचे कप विचारले. "सात-आठ," सुभेदार ऐटीत म्हणाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चहा बंद केला. त्याच आठवड्यात रविवारी कुपवाडहून सून राजनंदिनी आली ती गवती चहाची जुडी आणि लावायला मुळासकट एक ठोंब घेऊन. ठोंब तिनं मोरीच्या पाण्यावर लावला आणि सासूला समजावलं, "आत्या, चहात झोप उडवणारं जे असतंय ते ह्याच्यात न्हाई. पोटाला हलका, घशाला बरा, आबांना झोप लागंल. फकस्त पावडर घालू नका. दुधाचीबी गरज न्हाई."

पहिल्या दिवशी बनुबाईनं सांगितलं तसंच केलं. पाला उकळला, गाळला, कपात ओतला. कप घेऊन ती उंबऱ्यापर्यंत आली आणि तिचे पाय तिथंच थबकले. पन्नास वर्षांपूर्वी सासऱ्यांना पोचवून माणसं याच सोप्यात बसली होती. शेजारून कोऱ्या चहाची किटली आली होती आणि सतरा वर्षांच्या बनूनं खाली मान घालून तो कपाकपात ओतला होता. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, नुसता कपबश्यांचा आवाज. तेव्हापासून बिनदुधाचा चहा म्हणजे मयताच्या घरचा, हे तिच्या मनात जे बसलं ते बसलं. तो आपल्या धन्यापुढं स्वतःच्या हातानं कसा ठेवायचा?

ती मागं फिरली. दूध घातलं. ते आजाऱ्याच्या पेजेसारखं पांढरंफटक दिसायला लागलं. मग चिमूटभर पावडर टाकली, रंगापुरती.

"जमलाय," सुभेदार म्हणाले. "रंग कशाचा गं?"

"गुळाचा."

जन्मात कधी गॅसपाशी न गेलेल्या माणसाला ते पटलं. आठवड्याभरात चिमटीचा चमचा झाला. पावडरीचा डबा तिनं तीनदा माळ्यावर टाकला आणि तीनदा स्टुलावर चढून खाली काढला. उद्यापासून नको, असं ती रोज ठरवायची. पण सकाळी सुभेदार पहिला घोट घेऊन मिटल्या डोळ्यांनी हसायचे, आणि उद्या आणखी एक दिवस पुढं जायचा. रात्री ते कूस बदलत राहायचे. ती भिंतीकडं तोंड करून झोपेचं सोंग घ्यायची.

महिन्यानं पुन्हा सांगली. डॉक्टरांनी हृदयाची पट्टी काढली, ती दोनदा पाहिली.

"चहा बंद आहे ना?"

"एक महिना झाला, सायेब. थेंब न्हाई."

"मग गोळी वाढवावी लागेल. आणि एकदा मिरजेला मोठ्या दवाखान्यात दाखवू. तपासण्या होतील." डॉक्टरांनी लिहायला पेन उचललं.

बनुबाईनं पदर तोंडाशी धरला होता, तो खाली घेतला. "लिहू नका. चहा चालू हाय. मी घालती."

सुभेदारांनी तिच्याकडं पाहिलं नाही. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत राहिले.

"किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"येका कपाला येक चमचा. दिवसाला पाच कप."

"मावशी, मी आत्ता उगाच गोळी वाढवली असती." डॉक्टर चिडले नाहीत, त्यामुळं तिला जास्तच लाजल्यासारखं झालं. "आहे तीच गोळी ठेवू. पंधरा दिवस खरोखर पाल्याचाच चहा द्या. मग या."

एसटीत दोघं शेजारी बसली. ऊस मागं पडत होता. तिनं सासऱ्यांच्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं, हळू आवाजात, अडखळत. सुभेदारांनी ते ऐकून घेतलं. गावाचा फाटा आला तेव्हा म्हणाले, "मला वाटलं, चहा सोडूनबी धडधड थांबत न्हाई, म्हंजी आपलं भरलं. म्हैनाभर मनात निरवानिरव चालली हुती, बनू. कुणाला काय द्यायचं, तुला कुणाकडं ठिवायचं."

जे दारात येऊ नये म्हणून तिनं पावडर घातली, तेच तिनं महिनाभर त्यांच्या उशाशी आणून बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुभेदार स्वतः स्वयंपाकघरात आले. पातेलं सापडेना, लायटर पेटेना. ती उठू लागली तसं म्हणाले, "बस तू." त्यांनी पाला उकळला, अर्धा ओट्यावर सांडला, उरलेला उभ्यानं प्यायला. सात दिवस असंच चाललं. भांडण नाही, अबोला नाही. फक्त चहा त्यांच्या हातचा.

आठव्या दिवशी सोप्यात ऊन आलं तरी त्यांची घोंगडी हलली नाही. तिनं वाकून पाहिलं. छाती संथ वर-खाली होत होती. तिनं जागं केलं नाही.

ते उठले तेव्हा ती कप घेऊन उभी होती. त्यांनी कप घेतला, उंबऱ्यापाशी उजेडात नेला आणि आत निरखून पाहिलं. बशीत थोडा ओतून पुन्हा पाहिलं; बिनदुधाच्या फिक्या चहातून बशीचा तळ दिसत होता. पन्नास वर्षांत तिच्या हातचं काही त्यांनी असं तपासलं नव्हतं.

"बघा," ती म्हणाली. "नीट बघून घ्या."

त्यांनी पाहून घेतलं, आणि मग प्यायले.